तीन दिरहमांचे पुस्तक

इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या अखेरीची ही हकीकत आहे. मध्य आशियातील बुखारा शहरात एक तरुण विद्यार्थी ॲरिस्टॉटलचा तत्त्वज्ञानावरील एक ग्रंथ घेऊन बसला होता. त्याने तो एकदा वाचला, दोनदा वाचला, असा चाळीस वेळा वाचला. ग्रंथ पाठ झाला, पण अर्थ काही उमगेना. हे आपल्या आवाक्यातले काम नव्हे, असे समजून त्याने तो नाद सोडून दिला. पुढे एके दिवशी दुपार टळल्यावर तो पुस्तकांच्या बाजारातून जात असता एका दलालाने एक पुस्तक त्याच्यापुढे धरले. त्याने नको म्हटले. मालकाला पैशांची नड आहे, स्वस्तात देतो, असा दलालाने आग्रह धरला. अखेर तीन दिरहमांना सौदा झाला. ते पुस्तक म्हणजे त्याच ग्रंथाचा हेतू उलगडून सांगण्यासाठी अल-फाराबी यांनी लिहिलेले विवरण होते. विद्यार्थ्याने घरी येऊन ते घाईघाईने वाचले, आणि जो ग्रंथ नुसता पाठ होता त्याचा अर्थ त्याच्यापुढे उघडा झाला. दुसऱ्या दिवशी त्याने खुदाचे आभार मानून गोरगरिबांना दानधर्म केला. हा विद्यार्थी म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले हकीम व तत्त्वज्ञ इब्न सीना (९८० ते १०३७). ही हकीकत त्यांनी आपल्या आत्मवृत्तात स्वतःच सांगितली आहे.

या लहानशा घटनेत शिक्षणाच्या इतिहासाचे मर्म आहे, असे मला वाटते. ग्रंथ हाती होता, तरी उपयोग झाला नाही. तो उलगडून सांगणारे कोणी तरी भेटावे लागले. आणि तो उलगडा विद्यार्थ्याला परवडेल अशा किमतीत, भर बाजारात मिळत होता. आज कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे नेमका हाच प्रश्न उभा आहे. वैद्यकाचे किंवा अभियांत्रिकीचे एकेक पुस्तक घेताना बापाला महिन्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. दुसरीकडे, मोठमोठ्या विद्यापीठांची व्याख्याने आता मोबाइलवर फुकट मिळतात असे आपण ऐकतो. पालकसभेत एका पालकांनी मला सरळच विचारले, ‘‘सर, फुकट मिळतं ते शिक्षण खरं असतं का?’’ प्रश्न भोळा नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

विद्यापीठातील व्याख्याने, पाठ्यपुस्तके, टिपणे व प्रश्नसंच कोणालाही विनामूल्य मिळावेत. इतकेच नव्हे, तर ते उतरवून घेण्याची, त्यांत जरूर तो फेरफार करण्याची, आपल्या भाषेत त्यांचा अनुवाद करण्याची आणि पुढे वाटण्याची उघड परवानगी असावी, या कल्पनेला आज ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ असे नाव आहे. नाव नवे आहे, पण कल्पना नवी नाही. ज्ञान खुले राहण्यासाठी चार गोष्टी लागतात, असे इतिहास सांगतो. पहिली, ज्ञान उतरवून घेण्याचे स्वस्त साधन. दुसरी, सर्वांना उघडे असलेले दार. तिसरी, पुढे देण्याची परवानगी. चौथी, आपल्या भाषेत उलगडून सांगणारा माणूस. या चारांपैकी एक जरी तुटली तरी ज्ञानाचा झरा आटतो.

बगदादचा कागद

पहिली गोष्ट साधनाची. कातड्यावर ग्रंथ लिहायचा तर एका ग्रंथासाठी जनावरांचा कळप खर्ची पडे. चीनमध्ये निघालेली कागदाची विद्या आठव्या शतकात समरकंदमार्गे मुस्लिम जगात आली आणि त्या शतकाच्या अखेरीस खुद्द बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला. कागद स्वस्त, हलका, आणि त्यावरची शाई खोडून फसवणूक करणे अवघड. त्यामुळे सरकारी दप्तरापासून मदरशापर्यंत त्याचा प्रसार झाला. कागद विकणारे, ग्रंथांच्या नकला करणारे आणि पुस्तके विकणारे असे तिन्ही धंदे करणाऱ्यांना ‘वर्राक’ म्हणत. त्यांचा बगदादमध्ये स्वतंत्र बाजार होता. अशाच एका पुस्तकविक्रेत्याचा मुलगा इब्न अल-नदीम याने आपल्या काळापर्यंत अरबी भाषेत उपलब्ध झालेल्या ग्रंथांची ‘अल-फिहरिस्त’ नावाची मोठी यादी ९८७ च्या सुमारास तयार केली. ज्ञान सर्वांना मिळायचे तर कोणत्या विषयावर काय लिहिले गेले आहे हे प्रथम कळले पाहिजे, ही दृष्टी एका दुकानदाराच्या मुलाला होती.

खलिफा मामून यांच्या कारकिर्दीत (८१३ ते ८३३) बगदादमध्ये भाषांतराच्या कार्याला मोठा जोर चढला. ‘बैतुल हिकमत’ हे नाव आपण नेहमी ऐकतो. पण तेथे काम करणारे कोण होते हेही ध्यानात घ्यावे. गेलनचे वैद्यकग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत आणणारे हुनैन इब्न इसहाक हे ख्रिस्ती होते. साबित इब्न कुर्रा हे गणिती हर्रानच्या साबी पंथाचे होते. भारतातून खगोलशास्त्राचे संस्कृत ग्रंथ आठव्या शतकातच बगदादला पोहोचले होते, आणि भारतीय अंकपद्धती समजावून सांगणारे पुस्तक अल-ख्वारिज्मी यांनी लिहिले. बाराव्या शतकात स्पेनमधील तोलेदो शहरी क्रेमोनाच्या जेरार्दने सत्तराहून अधिक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेले. इब्न सीनांचा वैद्यकावरील ‘कानून’ त्यांपैकीच एक. युरोपातील विद्यापीठांत तो कित्येक शतके शिकवला गेला. म्हणजे ज्या विद्येला आज आपण पाश्चात्त्य म्हणतो, तिच्या वहीत ग्रीक, हिंदू, ख्रिस्ती, यहुदी व मुसलमान अशा अनेकांची अक्षरे आहेत. कोणीही तिला कुलूप घातले असते तर ती पुढे गेली नसती.

वक्फचे दार

दुसरी गोष्ट उघड्या दाराची. इब्न सीनांनीच लिहून ठेवले आहे की, बुखाऱ्याचे अमीर नूह इब्न मन्सूर आजारी पडले असता त्यांच्या उपचारासाठी आपल्याला बोलावणे आले, आणि त्यानिमित्ताने राजवाड्यातील ग्रंथालय पाहण्याची परवानगी मिळाली. तेथे एकेका विषयाला एकेक दालन होते आणि पेट्यांत ग्रंथ रचून ठेवले होते. इब्न सीनांचे भाग्य थोर म्हणून राजाचे दार उघडले. पण प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती राजाची नाडी थोडीच असते? सामान्य विद्यार्थ्यासाठी दार उघडले ते वक्फने.

वक्फ म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मालमत्ता खुदाच्या नावे बांधून ठेवायची, ती विकायची नाही, वाटायची नाही, आणि तिचे उत्पन्न वा उपयोग लोकांना कायम मिळत राहील अशी व्यवस्था करायची. मशिदी, दवाखाने, विहिरी व सराया जशा वक्फ झाल्या, तशी पुस्तकेही वक्फ झाली. मोरोक्कोतील फेज शहरी ८५९ मध्ये कैरवीन मशिदीची स्थापना फातिमा अल-फिहरी या महिलेने वडिलांकडून आलेल्या संपत्तीतून केली, असे परंपरा सांगते. पुढे ते मोठे विद्यापीठ झाले.

वक्फ ग्रंथालयांचे सर्वांत सुंदर वर्णन याकूत अल-हमवी यांनी केले आहे. याकूत हे लहानपणी गुलाम म्हणून बगदादच्या एका व्यापाऱ्याला विकले गेले होते. मालकाने त्यांना शिकवले व पुढे मुक्त केले. त्यानंतर ग्रंथांच्या नकला करून आणि पुस्तके विकून ते पोट भरीत. तेराव्या शतकाच्या आरंभी ते खुरासानातील मर्व शहरी राहिले. तेथे वक्फची दहा ग्रंथालये होती. आपल्या घरी दोनशेच्या वर ग्रंथ नेहमीच असत आणि त्यांतील बहुतेक कोणतीही अनामत न घेता दिलेले असत, असे ते सांगतात. एका मुक्त झालेल्या गुलामावर एवढा विश्वास! त्या विश्वासाचे फळ म्हणजे त्यांचा ‘मुअजमुल बुलदान’ हा भूगोलाचा कोश. आजही अभ्यासक तो उघडतात.

आपल्या दख्खनमध्येही अशी उदाहरणे आहेत. बहमनी राज्याचे वजीर महमूद गवान यांनी बिदर येथे १४७२ मध्ये मदरसा बांधला. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या या शहरात त्या इमारतीचे अवशेष आजही उभे आहेत. रंगीत फरशांचा एक मिनार आणि मोडलेली भिंत पाहिली की मन भरून येते.

परंतु येथेच एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. मर्वची ग्रंथालये १२२१ मध्ये मंगोलांच्या हल्ल्यात नष्ट झाली. बिदरच्या मदरशाचा मोठा भाग १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात उडाला. तलवारीने व आगीने नेलेले आपण आठवतो. पण ठिकठिकाणी वाळवीने, ओलीने आणि मुतवल्लीच्या हेळसांडीने जे नेले त्याची दाद कोणाकडे मागायची? वक्फ करून दार उघडता येते. ते उघडे ठेवायला रोज कोणी तरी झिजावे लागते.

इजाजत

तिसरी गोष्ट परवानगीची, आणि माझ्या मते ती सर्वांत कमी समजली गेलेली आहे. जुन्या मदरशात विद्यार्थी ग्रंथाची नक्कल करून ती उस्तादांसमोर वाचून दाखवी. उस्ताद चुका दुरुस्त करीत. पुरे समाधान झाले म्हणजे ते ‘इजाजत’ लिहून देत. अमुक विद्यार्थ्याने हा ग्रंथ माझ्याकडून घेतला आहे व तो पुढे शिकवण्याची त्याला परवानगी आहे, असा त्याचा आशय. उस्तादांना ती त्यांच्या उस्तादांकडून मिळालेली असे, आणि अशी साखळी थेट ग्रंथकर्त्यापर्यंत पोहोचे. ही परवानगी संस्था देत नसे, माणूस माणसाला देई. स्त्रियाही ती देत. अकराव्या शतकात मक्केत सहीह बुखारी शिकवणाऱ्या करीमा अल-मरवझिय्या यांच्याकडे खतीब अल-बगदादी यांच्यासारखे विद्वान शिकले.

इजाजतीत दोन गोष्टी एकत्र होत्या. ज्ञान पुढे देण्याची मोकळीक, आणि ते कोणाकडून आले हे सांगण्याचे बंधन. मोकळीक होती म्हणून ग्रंथ हजारो कोसांवर गेले. बंधन होते म्हणून मूळ गुरूचे नाव पुसले गेले नाही आणि मजकुरात कोणी भलते घुसडले तर पकडता आले.

पुढे छपाईचा काळ आला. युरोपात गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापले. उस्मानी साम्राज्यात मात्र तुर्की भाषेतील ग्रंथ अरबी लिपीत छापण्याची परवानगी इब्राहिम मुतफर्रिका यांना १७२७ मध्ये मिळाली. त्याची कारणे अनेक सांगितली जातात. ती काहीही असोत, ज्यांनी कागद सर्वांआधी आपलासा करून जगाला दिला त्यांनी छपाई स्वीकारायला पावणेतीनशे वर्षे लावली, आणि त्याचा जबर दंड पिढ्यान्‌पिढ्यांनी भरला. चारांपैकी पहिली गोष्ट तुटली की काय होते, हे यावरून दिसते.

छपाईमुळे पुस्तके वाढली, तसा नवा प्रश्न आला : छापण्याचा हक्क कोणाचा? इंग्लंडमध्ये १७१० मध्ये या विषयावरचा कायदा झाला. त्याने लेखकाला चौदा वर्षांचा हक्क दिला, तो हयात असल्यास आणखी चौदा वर्षांचा. विद्येला उत्तेजन देणे हाच या कायद्याचा जाहीर हेतू होता. लेखकाच्या कष्टाचे मोल त्याला मिळावे हे रास्तच आहे. पण मुदत वाढत गेली. भारतात १९५७ चा कायदा लागू आहे, आणि आज लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. यामुळे एक चमत्कारिक स्थिती उत्पन्न झाली. ज्या प्राध्यापकाला आपले लेखन सर्वांनी मोकळेपणाने वापरावे असे वाटते, त्याचेही लेखन त्याने उघड इजाजत दिल्याखेरीज कायद्याने बांधलेलेच राहते.

आपल्या देशातील तीन उदाहरणे

छपाईच्या काळात हिंदुस्थानात काय घडले याची तीन उदाहरणे देतो.

लखनौचे मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये छापखाना काढला. हे गृहस्थ हिंदू. त्यांनी कुरआन शरीफ, इस्लामी धर्मशास्त्राचे ग्रंथ, युनानी वैद्यक, फारसी काव्य, तसेच हिंदी व संस्कृत ग्रंथ छापले आणि सामान्य माणसाच्या हाती पडतील अशा किमतीत विकले. १८५७ नंतरच्या त्या उद्ध्वस्त दिवसांत किती तरी ग्रंथ केवळ या छापखान्यामुळे वाचले.

दुसरे उदाहरण पाटण्याचे. मौलवी मुहम्मद बख्श यांनी चौदाशे हस्तलिखिते जमवली होती. हा संग्रह वाढवून लोकांसाठी खुला करावा, अशी इच्छा त्यांनी मरतेवेळी मुलापाशी व्यक्त केली. मुलगा खुदा बख्श हा वकील. त्याने आयुष्यभराची मिळकत हस्तलिखितांत घातली आणि १८९१ मध्ये सुमारे चार हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय इमारतीसह लोकांना अर्पण केले. स्वतः खुदा बख्श यांची कबर ग्रंथालयाच्याच आवारात आहे. भारताच्या संसदेने १९६९ मध्ये कायदा करून या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. मालकीचा हक्क सोडून दिला, म्हणून नाव उरले.

तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे, कारण तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. त्याआधीच, १९१७ मध्ये, भाषांतरासाठी ‘दारुल तर्जुमा’ सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक हे औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) शिक्षण खात्यात होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कामही त्यांनी वर्षानुवर्षे तेथूनच चालवले. या संस्थेने वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, इतिहास अशा विषयांची शेकडो पुस्तके उर्दूत आणली, हजारो पारिभाषिक शब्द घडवले. आधुनिक उच्च शिक्षण देशी भाषेत देता येते, हे तिने सिद्ध केले. पण १९४८ नंतर माध्यम इंग्रजी झाले आणि ती बहुतेक पुस्तके कपाटात गेली. हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे की, राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा मराठी, तेलुगू वा कन्नड होती. त्यांच्या मुलांना उर्दूसुद्धा परकीच होती. ज्याची त्याची भाषा ज्याला त्याला मिळाली नाही, म्हणून एवढ्या मोठ्या कार्याची मुळे खोल गेली नाहीत.

मराठीपुरते बोलायचे तर मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९६० नंतर सुरू झाले आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विश्वकोशाचे सारे खंड आज इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. वयाची, नोकरीची वा संसाराची अडचण असलेल्यांसाठी नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि घराच्या उंबरठ्याआड राहिलेल्या कित्येक भगिनींना पदवीचे दार उघडले.

नव्या काळातील खुले दार

आता आजच्या गोष्टीकडे येऊ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने एप्रिल २००१ मध्ये जाहीर केले की, आपल्या जवळजवळ सर्व अभ्यासक्रमांचे साहित्य आपण इंटरनेटवर विनामूल्य ठेवणार आहोत. त्या काळी अनेक विद्यापीठे इंटरनेटवरचे शिक्षण विकून पैसा करण्याचे बेत आखीत होती, त्यामुळे या घोषणेने जग चकित झाले. २००२ मध्ये पन्नास अभ्यासक्रमांनी आरंभ झाला आणि २००७ पर्यंत सुमारे अठराशे अभ्यासक्रम खुले झाले. जुलै २००२ मध्ये युनेस्कोने पॅरिसला भरवलेल्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ हे नाव रूढ झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाचे परवाने निघाले. नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने या विषयावरची शिफारस मंजूर केली.

यांतील परवान्याची गोष्ट नीट समजून घ्यावी. लेखक आपल्या लेखनावर एक खूण करतो. तिचा अर्थ असा की, माझे नाव कायम ठेवून हे लेखन कोणीही उतरवून घ्यावे व वाटावे. कोणी फेरफाराचीही मुभा देतो, कोणी देत नाही. कोणी धंद्यासाठी वापरण्यास मना करतो. मोकळीक आणि नाव सांगण्याचे बंधन, दोन्ही एकाच कागदावर. वाचकहो, ही आपली जुनी इजाजतच नव्हे काय? फरक एवढाच की, पूर्वी ती एका शिष्याला मिळे. आता अनोळखी लाखांना एकदम मिळते. आणि पूर्वी उस्ताद शिष्याची पारख करून ती देत, ती पारख आता उरली नाही. ती जबाबदारी शिकणाऱ्यावर व त्याच्या शिक्षकांवर आली आहे.

आपल्या देशात सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला. अभियांत्रिकी व विज्ञानाची त्यांची व्याख्याने कोणीही पाहू शकतो. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ सुरू झाले. ज्यांच्या घरी इंटरनेट नाही त्यांच्यासाठी त्याच दिवशी ‘स्वयम् प्रभा’ या ३२ दूरचित्रवाणी वाहिन्या सुरू झाल्या. खरगपूरच्या आयआयटीने राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उभे केले आहे. म्हणून त्या पालकांना माझे उत्तर असे होते : फुकट आहे म्हणून खोटे नाही; कोणाचे आहे ते पाहा, नाव पाहा, साखळी पाहा. जुने लोक इजाजत पाहत, तसेच.

विद्यार्थ्यांच्या कामाची एक न्यायालयीन हकीकतही येथे सांगतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानात प्राध्यापकांनी नेमलेल्या निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणांचे गठ्ठे करून विद्यार्थ्यांना दिले जात. २०१२ मध्ये तीन मोठ्या परदेशी प्रकाशन संस्थांनी दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली नक्कल १९५७ च्या कायद्यातच वगळलेली आहे, हा त्यामागचा आधार. डिसेंबर २०१६ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हे तत्त्व मान्य ठेवून काही मुद्दे तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. याचा अर्थ कोणतेही पुस्तक अख्खे छापून विकावे असा मुळीच नाही. पण शिक्षणासाठी कायद्याने जागा ठेवली आहे आणि ती जाणून घेणे हा आपला हक्क आहे.

चौथी गोष्ट

साधन आले, दार उघडले, इजाजतही मिळाली. राहिली चौथी गोष्ट. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा-कॉलेजे बंद पडली, तेव्हा आमच्या शाळेतून गेलेली एक हुशार मुलगी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होती. घरात एकच मोबाइल, तोही अब्बा कामावरून आल्यावर मिळे. एका नामांकित संस्थेतील प्राध्यापकांची व्याख्याने ती रात्री पाहत असे. काही दिवसांनी तिने मला फोन केला. म्हणाली, ‘‘सर, सगळं दिसतं, ऐकूही येतं, पण कळत नाही.’’ दहावीपर्यंत तिचे शिक्षण मराठीतून झालेले. चाळीस वेळा वाचूनही न उमगलेला तो ग्रंथ मला त्या क्षणी आठवला. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या एका सहकाऱ्यांनी मग आठवडाभर खपून त्या धड्यांचा सारांश सोप्या मराठीत एका वहीत लिहिला, आकृत्या काढल्या, कठीण शब्दांची यादी दिली. मुलगी पास झाली. ती वही पुढे तिच्या मैत्रिणींकडे गेली, तेथून आणखी कोणाकडे. आज ती कोठे आहे, आम्हांला ठाऊक नाही.

ती वही हरवली याचे मला वाईट वाटते, ते केवळ सहकाऱ्यांच्या मेहनतीसाठी नव्हे. ते फाराबींचे तीन दिरहमांचे पुस्तकच होते. आपल्या शाळा-कॉलेजांतून दरवर्षी अशा किती तरी वह्या लिहिल्या जातात आणि रद्दीत जातात. खुल्या ज्ञानाच्या या बाजारात आपण घेणारेच राहिलो आहोत; देणारे अजून झालेलो नाही. ज्यांच्या पूर्वजांनी अनामत न घेता दोनशे ग्रंथ घरी नेऊ दिले, त्यांना हे शोभत नाही.

करायचे तर फार मोठे भांडवल लागत नाही. शिक्षकांनी आपली उत्तम टिपणे नावासह, मुक्त परवान्याखाली संस्थेच्या हवाली करावीत. पदवीच्या विद्यार्थ्याने वर्षातून एक धडा, मग तो संख्याशास्त्राचा असो वा शरीरशास्त्राचा, मराठीत किंवा उर्दूत उतरवावा आणि जाणकारांकडून तपासून घ्यावा. न तपासलेले पुढे ढकलू नये. मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे, तेथे लिहायला कोणाची शिफारस लागत नाही. पालकांनी घरातला मोबाइल अभ्यासासाठी कोणाला व किती वेळ मिळतो हे पाहावे. मुलाला मिळतो आणि मुलीला मिळत नाही असे होत असेल तर तो इन्साफ नव्हे. संस्थेने संध्याकाळी दोन तास एक खोली, दोन-चार संगणक आणि एक समजावून सांगणारा शिक्षक एवढी सोय करावी. या दोन तासांसाठीही कोणाला तरी रोज किल्ली घेऊन यावे लागेल. बिदरच्या भिंतीने आपल्याला तेवढे तरी शिकवले आहे.

माणूस मरण पावला की त्याची कर्मे थांबतात, फक्त तीन गोष्टी चालू राहतात, आणि त्यांपैकी एक म्हणजे लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान, अशा आशयाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. विहीर खोदणे, मशिदीला हातभार लावणे हे सदका-ए-जारिया होय, हे आपण मानतो. बारावीच्या मुलाला कळेल अशा मराठीत लिहिलेला, कोणालाही उतरवून घेता येईल असा एक धडा हीदेखील तशीच विहीर आहे. फाराबींचे विवरण बाजारात आणणाऱ्या त्या गरजू मालकाचे नाव इतिहासाला माहीत नाही. त्याचे पुस्तक मात्र योग्य हाती पडले. आमच्या सहकाऱ्यांची ती वही ज्या कोणाकडे असेल त्याने ती शाळेत आणून द्यावी, अशी या निमित्ताने विनंती आहे. लिहिणाऱ्यांनी ती वक्फ केली आहे.